कांद्याच्या सालीएवढं

कुंडईच्या वसाहतीत, पत्र्याखाली,
तीन रविवार मी एका टेबलात खोबणी मारतेय.
चौकोनात चौकोन, सहा खण,
प्रत्येक खणाच्या तळाशी एक भोक,
भोकाला पाइप, पाइपला पितळी चावी.
नळवाला विचारून गेला, टाकी कुठे बसवणार?

पंप परवडला नाही.
कांदोळीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून
गालिचे झाडायची दोन यंत्रं भंगारभावात उचलली,
त्यांच्या मोटारी एकीमागे एक जोडल्या.
पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा
एकीच्या पोटातून वाळू आली
आणि कुणाचं तरी कानातलं, चांदीचं, एकच.

दाबाचा काटा दोनावर जाऊन अडला.
दोनावर पापडसुद्धा धरला जायचा नाही.

इनासनं उदबत्ती पेटवली,
टेबलाभोवती सावकाश फेरी घातली.
"वारें खंय वता पळय."
धूर सरळ वर चढत होता.
चौथ्या खणापाशी मात्र मान वाकवून
आत शिरला, उशीर झालेल्या पाहुण्यासारखा.
तिथे सिलिकॉन. पुन्हा उदबत्ती. पुन्हा सिलिकॉन.

वरचा बोर्ड भुशाचा. त्याची गुळगुळीत कातडी
दोन्ही अंगांनी सोलली की हवा आरपार जाते.
कडांना मात्र तीन हात रंग द्यायचा,
नाहीतर तो बगलेतून श्वास घेतो.
बुधवारी इथली ओल पिऊन तो फुगला.
पुन्हा सोलला. अर्धा मिलिमीटर गेला,
शेडभर पीठ उडालं, चहावर साय धरली.

संध्याकाळी काटा सातावर.

बापूय दारात स्टूल टाकून बसलेला.
चाळीस वर्षं त्यानं लाकूड पायानं धरलं:
फळी डाव्या तळव्याखाली, अंगठा कडेला,
दोन्ही हात पटाशीला आणि मोगरीला मोकळे.
तळव्यावर अजून रेघ आहे, सागाच्या जाडीची.
"खालून ओढता काय तें?"
नाही, म्हटलं, ओढत कुणीच नाही.
खाली नुसतं रिकामं केलंय.
दाबते ती वरची हवा, नेहमीचीच,
नखाएवढ्या जागेवर पाव किलो.
दोन फुटी चौरस फळीवर आत्ता
दोन म्हशी बसल्यात, दिसत नाहीत इतकंच.
तो उठला. चप्पल काढली.
तळवा लावून फळी ढकलली.
मग टाच रोवून, दात आवळून.
"बसल्यात खऱ्या," म्हणाला,
आणि बराच वेळ चप्पल शोधत राहिला.

काम दिवाडीचं आहे. एर्मेलिंदाबाईंच्या खिडक्या.
चौकटी वाळवीनं खाल्ल्या, शिंपले तेवढे उरले,
बिस्किटांच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या घड्यांत.
काच नको, त्या म्हणाल्या,
काचेतून माणसं दिसतात.
शिंपल्यांना धरायला जाळी हवी,
बोटभर रुंद पट्ट्या, एकशे बारा.

चौदाव्या पट्टीला सगळं फिसकटलं.
पातं आरपार गेलं, त्या फटीतून हवा आत धावली,
काटा पडला, पट्टी सुटली
आणि पत्र्यावर अशी आपटली
की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं डोकं आत घातलं.
मोठी फळी बसून राहते. बोटभर पट्टीवर
म्हशीचं खूरसुद्धा मावत नाही.

रात्री नकाशा बदलला.
शेवटचा थर कापायचाच नाही.
कांद्याच्या सालीएवढं लाकूड तळाशी ठेवायचं,
एका मिलिमीटरचे तीन दशांश;
तेवढ्यानं हवा बाहेर राहते,
पट्ट्या एकमेकींना धरून राहतात.

मोटारी बंद केल्या. टेबलानं एक लांब सुस्कारा टाकला,
फळी सहज हाती आली, काही झालंच नव्हतं जणू.
साल सुरीनं कापायला बसणार होते.
पण बापूयनं फळी आधीच फरशीवर घेतली होती,
डाव्या तळव्याखाली,
आणि तो उजेडाला विचारत होता
की पातळ कुठे आहे.

आज नऊ निघाल्या. एक त्यानं मोडली.
मोडली ते त्यानं सांगितलं नाही,
तुकडे खिशात घातले.