नावाची पट्टी

चोवीस कपड्यांवर तुझं नाव शिवलं.
बनियनवरसुद्धा. मोज्यांना आतून,
लाल दोऱ्यानं, दुहेरी टाक्यात:
सम्मेद चौगुले, १४७.
शाळेच्या यादीत सोळाच कपडे होते.
वरचे आठ माझ्या जिवासाठी.

तुझे बाबा म्हणाले, त्रिशला,
साचा फोडल्याशिवाय कास्टिंग बाहेर येतं का?
शिरोलीत तीस वर्षं भट्टी चालवलेला माणूस,
त्याला सगळीकडे वाळू आणि लोखंडच दिसतं.
मी म्हटलं, तुमच्या कास्टिंगला दमा नसतो.
मग दोघंही गप्प जेवलो,
दिवस बुडायच्या आत, नेहमीसारखं,
आणि घास हातात असताना आठवलं,
तुमच्याकडे जेवणाची घंटा आठला होते.

वीस किलोमीटर. एवढंच.
वाघबीळ चढलं की हवा बदलते.
मी गाडीची काच खाली करते,
छाती भरून ती हवा आधी स्वतः घेऊन बघते.
पण भेटीला महिन्यातून एकच रविवार, दहा ते चार.
एरवी फाटकावरचा म्हातारा शिपाई
ओळखूनही ओळख देत नाही.
एकदाच डबा घेतला त्यानं.
"आक्का, पुन्हा असं येऊ नगासा. माझी नोकरी जाईल."

रात्री रुईकर कॉलनीतल्या आपल्या गच्चीवरून
डोंगरावरचे दिवे दिसतात.
त्यातले तुमचे कुठले, कुणाला विचारू?
दहाला एक ओळ विझते.
तीच तुमची, असं धरून
मी जिना उतरते.

बुधवारी फोन आला. पाच मिनिटांचा.
मी म्हटलं, कोण बोलतंय?
"आई, मीच."
हा आवाज काही मी जन्माला घातला नव्हता.
पंप उशाशी असतो ना? "हो."
रात्री लागला का? "नाही."
खोटं बोलतोस?
तू हसलास. हसणं तेवढं जुनं निघालं.

मग रविवार.
मैदानावर सगळी पोरं एका मापाची.
मला लांबूनच निळा स्वेटर दिसला,
मी विणलेला, डाव्या बाहीत एक टाका सुटलेला,
हजारात ओळखीन.
"सम्मेद!"
वळला तो दुसराच कुणी.
सावळा, ओठ उललेले, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या,
आणि कॉलरमागे माझा लाल दोरा.
"त्यानंच दिला," म्हणाला. "माझ्याकडं नुसती चादर हुती."
आणि तो कुठाय?
त्यानं हनुवटीनंच दाखवलं, पार पलीकडे.

तू पळत होतास. अर्ध्या बाहीत.
धुळीतून, तोंड उघडं टाकून.
तोंडानं श्वास घेऊ नको, नाकानं घे,
दहा वर्षं सांगितलं होतं मी.
पर्समधल्या पंपावर माझी मूठ आवळलेली.
मोजू लागले, दवाखान्याच्या बाकावर
तुझे श्वास मोजायची तशी:
एक फेरी, दोन, तीन.
पाचव्या फेरीला आकडा चुकला.
तू मला पाहिलं नव्हतंस.
मीही हाक मारली नाही.

तोवर त्या पोरानं डब्यातल्या दशम्या
उभ्याउभ्याच खाल्ल्या. चार.
"चटणीत लसूण न्हाई व्हय?" म्हणाला,
आणि पाचवी घेतली.

आता दुसरा स्वेटर सुयांवरून उतरलाय.
माप कुणाचं धरलं, मलाच नीट सांगता येईना,
खांदे तुझे, बाह्या जरा लांब.
पट्टी कापली, लाल दोरा ओवला,
आणि लक्षात आलं,
त्या पोराचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
रविवार अजून अठरा दिवसांवर,
डोंगरावर थंडी आजपासूनच.

सम्मेद चौगुले, १४७.
शिवून टाकते.
उद्या त्या म्हाताऱ्याच्या हातापाया पडेन.