बिननावाचं

घरात स्टूल हलवलं तर
वृंदा हाक मारून सांगते:
बाबा, डावीकडे, दोन पावलांवर.

फोनमध्ये मात्र रात्री कुणीतरी येऊन गेलं.
अपडेट म्हणे.
काल अंगठ्याखाली ‘पैसे द्या’ होतं.
आज तिथं बोट ठेवलं
तर आवाज म्हणतो, बटण.
शेजारी? बटण.
त्याखाली? बटण.
एकवीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत
टेलिफोनवर बसलो,
दोनशे बारा एक्स्टेंशनं
माणसांच्या खोकल्यासकट पाठ.
बिननावाचं एकही नव्हतं.

घणसोली, सेक्टर सात, औषधाचं दुकान.
मागे कुणीतरी किल्ल्या वाजवतंय.
गल्ल्यावरचा पोरगा म्हणतो,
काका, फोन बंद पडलाय, स्क्रीन काळी आहे.
चालू आहे रे.
उजेड तुला लागतो.

कानातला आवाज इतका भरभर,
की त्याला वाटावं, कुणी चणे भाजतंय.
मला त्यात रुपये ऐकू येतात, वरचे पैसेही,
आणि माझं आडनाव,
दर वेळी नव्यानं चुकलेलं.

फोन त्याच्या रोखानं धरतो,
तिसऱ्या बटणावर दोनदा टिचकी.

अहो काका, टॉर्च! डोळ्यांवर!

चला,
एकाचं नाव कळलं.