चौदा हजार उरले

फोनवरून येताना पैशाला वास नसतो,
तरी मला आलाच. उन्हात वाळणाऱ्या ओमेनाचा.
आईच्या भिशीचा नंबर लागला होता,
छत्तीस हजार शिलिंग, एका दमात.
खाली तिचा निरोप: लेन्स घे. उधळू नकोस.

किसुमूहून नैरोबी, रात्रीची बस.
मांडीवर कॅमेरा, त्याच्या तोंडावर
कॅमेऱ्यासोबत आलेली तीच ती, अठरा-पंचावन्न,
फिरवली की जात्यासारखी घरघरणारी.
वहीत बेरजा चालल्या होत्या:
रुंद एक, लांबची एक, अंधारासाठी एक,
आणि फुलपाखरांसाठी एक. का, कोण जाणे.
फुलपाखराने आजवर माझे पैसे कधी दिलेले नाहीत.

लुथुली रस्त्यावर जिन्याखाली मुसेंबीचं दुकान.
काचेच्या कपाटात लेन्स मांडलेल्या,
मोठ्या मागे, छोट्या पुढे,
आई बाजारात मासळी लावते तशाच.
मी स्वस्तातल्या पाच एकदम उचलल्या.
एक ना धड, भाराभर चिंध्या. त्याने त्या
माझ्या हातातून काढून घेतल्या, न बोलता, जागेवर ठेवल्या.

"काढतेस काय?"
"मयती," मी म्हटलं. "मधेच लग्न.
जानेवारीत शाळांची ओळखपत्रं."

त्याने कार्ड मागितलं.
वर्षभराचे फोटो अंगठ्याने सरकवत राहिला,
चेहरे सोडून खालचे आकडे वाचत.
चोवीस. चोवीस. बावीस. पन्नास.
पंचावन्न. पंचावन्न. पंचावन्न.
"इथे तू भिंतीला टेकतेस," तो म्हणाला.
फोटोत तंबूची पांढरी कनात, माणसांच्या पाठी,
आणि पार टोकाला शेंगदाण्याएवढी
कुणाची तरी विधवा.

"म्हणून तर लांबची हवी."
त्याने दिली हातात. अडीचशेपर्यंत जाणारी, चौदा हजार.
मग स्वतःच ट्यूबलाइटसमोर धरून दाखवली:
आत बुरशीचा एक तंतू, केसाहून बारीक.
"तुमच्या सरोवराच्या हवेत हा वाढेल."
(असा कुठला दुकानदार स्वतःचं गिऱ्हाईक मोडतो?)
"तिच्या आणि तुझ्या मधे काय होतं?"

आठवून पाहिलं. "गवत."
"किती?"
"दहा-बारा पावलं."
"पावलांचे मी पैसे घेत नाही."

चोवीसची घेतली, बिस्किटासारखी चपटी,
आणि पन्नासची, प्लास्टिकची, हलकी,
पडली तर फुटेल, आणि पडणार तर आहेच.
घासाघीस करून बावीस हजार.
परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही.
वाटत होतं, फसले. तिसरी घ्यायला हवी होती.

पुढच्या शनिवारी सियायाकडे, नावा बांधणाऱ्या एकाची मयत.
जनरेटर, पाद्री, भाड्याच्या निळ्या खुर्च्या.
चपटी लेन्स घेऊन तंबूत शिरले, गाणाऱ्या बायकांच्या
कोपरांना कोपर लावून. ते जमतं मला.
मग पन्नासची चढवली आणि गवताच्या कडेला थांबले,
नेहमीच्याच जागी. अदब म्हणतात तिला.
मी तरी तेच म्हणत होते.

मामा अदेरोने मान वर केली,
न्हाऊ घालायला पोराला बोलवावं तशी हाक मारली:
"अगं, तिथून काय दिसतंय तुला?
धाकटा दोहाला आहे, रजा नाही मिळाली.
त्याला माझं तोंड दिसू दे नीट."
डोक्यावरचा रुमाल तिने सरळ केला,
नाक पुसलं,
आणि रडणं जिथे सोडलं होतं
तिथूनच पुन्हा उचललं.

मी अकरा पावलं मोजली.

आईला सांगितलं, तिसरी महाग होती.
सात हजार परत पाठवले; तिने मला उलटे पाठवले, दोनदा.
उरलेल्यातून बाराशेचे रबरी बूट घेतले,
गुडघ्यापर्यंतचे.
खड्ड्याच्या काठची माती ओली असते,
आणि माणसं ओळीने उभी असली
की मागे सरायला जागा नसते.