समोरचं काम

"बुशा गेल्यात, स्प्रिंगा बसल्यात," मलकप्पा मिस्त्री म्हणाला,
"नाक घासत चालायलीय की ओ फियाट."
सांध्यांतलं डांबर झालेलं ग्रीस
त्यानं सुरीनं खरवडलं.
नवे शॉकॉप्सर बसले,
पुढची बाजू दोन बोटं वर आली.

अक्कलकोट रोडला
गिरणीच्या बंद फाटकासमोर एक खड्डा आहे.
गाडी तिथं वाकायची दरवेळी
आणि नाना म्हणायचे, "लागली हजेरी."
गिरणीच्या शेवटच्या हिशोबातूनच
घेतलेली ही गाडी, सेकंडहँड.

काल खड्डा आला, गेला.
हाताला काही कळलंच नाही.
वळून पुन्हा गेलो, हळू.
तरी नाही.

जुन्या स्प्रिंगा डिकीत आहेत, चादरीत गुंडाळून.
वळणावर
आपटतात एकमेकींवर.