एक वाटाणा, दोन वाटाणे

सव्वीस वर्षं या इमारतीच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
ॲबर्डीनचा दगड करडा, आभाळ करडं,
समुद्रावरून धुकं चढलं की
दारात पाय आपटणारी पोरंही करडीच.
त्यांच्या आधी यायच्या डॉक्टर गॅरिओक,
हातात कापडी पिशवी.

पहिल्या वर्षी पिशवीत नुसत्या पारदर्शिका.
दृष्टिभ्रमाचा तास. भिंतीवर दोन रेघा, लांबी सारखी,
तरी एक उगीच मोठी वाटणारी.
शंभर पोरं हसली.
तिसऱ्या रांगेत एल्स्पेथ मकहार्डी,
पांढरी काठी बाकाखाली, हात मांडीवर,
परक्याच्या लग्नात बसावं तशी बसलेली.
काही बोलली नाही.
तास संपल्यावर बाई बराच वेळ फळा पुसत राहिल्या.
फळ्यावर काहीच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी पिशवीत वाळले वाटाणे.
"डोळे मिटा. मधलं बोट तर्जनीवर चढवा.
टोकांच्या मधे दाणा फिरवा. किती?"
दोन, दोन, दोन. अख्खा वर्ग फसला,
एल्स्पेथ सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं:
"छे! माझी बोटं खोटं बोलतायत!"
वाटाणे झाडायला मला पाऊण तास लागला.
चिडलो होतो, लपवत नाही.

मग मागण्या सुरू झाल्या.
पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या काढा,
व्हीलचेअर मागे दाराशी का म्हणून?
कचेरीनं फॉर्म दिला, फॉर्मनं दुसरा फॉर्म दिला.
एका शनिवारी त्या स्वतःच पाना घेऊन आल्या.
मी फक्त बॅटरी धरली.
कोणी विचारलं तर तीही धरली नव्हती.

मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांसाठी
सकाळचा तास संध्याकाळी पुन्हा.
बोलताना अडखळणाऱ्या एका पोराची तोंडी परीक्षा
समुद्रकाठी, चालता चालता;
शब्द अडला की त्याही थांबायच्या,
घाई लाटांनाही नव्हती.
सगळेच तरले असं नाही.
एक जण नोव्हेंबरात गेला तो परत आलाच नाही.
हजेरीत त्याचं नाव त्या जूनपर्यंत घेत राहिल्या.

एकदा मला म्हणाल्या, "हे टिपण वाचून बघाल?"
मला वाटलं, थट्टा.
शाळेत अक्षरं माझ्यापुढे कधी जागेवर उभी राहिली नाहीत,
मास्तरांच्या लेखी मी ढ, तोही शेवटच्या बाकावरचा.
"अडाल तिथे लाल पेन्सिलीनं खूण करा.
चूक माझ्या वाक्याची."
पहिल्या सप्टेंबरात पानं रक्तबंबाळ.
मग खुणा विरळ होत गेल्या.
माझं वाचणं सुधारलं की त्यांचं लिहिणं,
हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

निवृत्तीच्या दिवशी मानपत्र टेबलावरच विसरल्या,
पिशवी मात्र नेली.

आता ते सभागृह नवं होतंय.
काल रेडिएटर उखडला, मागे धुळीत
एक दाणा, खड्यासारखा.
इकडे तिकडे पाहिलं. बोटावर बोट चढवलं.
डोळे मिटायचे असतात, हे उशिरा आठवलं.
बाहेरून कामगार ओरडला, "काय, सापडलं का काही?"
"थांब," म्हटलं, "मोजतोय."