अल्पशा आजाराने

ती बॉस्टनहून आली, भाड्याच्या गाडीतून.
लोरेटच्या हॉटेलात कॉफी मागितली
आणि नदीवरच्या फेसाबद्दल विचारलं.
चमचे थांबले.
"कुठल्या पेपरच्या तुम्ही?" लोरेट म्हणाली,
कप अर्धाच भरून.

मग माझ्याकडे.
गावचं साप्ताहिक मी काढतो, तेवीस वर्षं:
मासेमारीची स्पर्धा, चर्चमधलं जेवण,
शेवटच्या पानावर मयत.
कागद मिलमधूनच येतो, निम्म्या दरात.

"तुमच्यावर दडपण कुणाचं?"
कुणाचंच नाही, म्हणालो. खरंच सांगत होतो.
आजवर कुणी साधा फोन केला नाही.
पेलेत्येचा मुलगा, मग त्याची बायको,
नदीकाठच्या एकाच गल्लीतली सात माणसं
मी अल्पशा आजाराने घालवली.
शब्द माझाच.

जुने अंक मागितले तिने.
छत गळलं, भिजले सगळे, मी म्हटलं.
मागच्या खोलीत ते
कोरडे ठणठणीत.

संध्याकाळी पुलापाशी तिच्या गाडीचं
मागचं चाक बसलेलं.
भर रस्त्यात, आणि कुणी पाहिलं नाही.
जॅक मी दिला. नट मीच आवळले.

गुरुवारच्या अंकात, पान चार,
एकही शब्द खोटा नसलेली बातमी:
पाहुण्या बाईंची गाडी पंक्चर.
ग्रामस्थांची तत्पर मदत.