फितीचं दुसरं टोक

मोजणीची फीत पन्नास मीटरची.
एक टोक माझ्या हातात,
दुसरं आज कॉन्सेसाच्या धाकट्यानं धरलंय.
उद्या सिरियाकचा नातू धरेल,
तीच जमीन, तेच आकडे,
पण एकाच्या मापावर दुसऱ्याचा भरवसा नाही.

घेवड्याचे चार वाफे, सहा केळी,
कसाव्याची एक पट्टी उतारावर.
मध्ये शेराचं कुंपण.
कापलं की पांढरा चीक गळतो,
डोळ्यांत गेला तर माणूस आंधळा होतो.
इथल्या पोरांना हे चालायच्या आधी शिकवतात.

आयोगाचे साहेब बुजुंबुराहून आले,
चढ चढून धापा टाकत म्हणाले,
मूळ कारण एकच:
माणसं फार, माती थोडी.
लिहून घ्या.
मी लिहून घेतलं.

पण साहेब, नदीपलीकडच्या टेकडीवर
माती याहून थोडी आहे.
भावाभावांत तीनदा वाटण्या झाल्या,
कोंबडी बसेल एवढा एकेकाचा तुकडा.
बांध कोरण्यावरून रोज शिव्या,
एकदा एकाचं डोकंही फुटलं.
घरं नाही जळली.
रात्री कुणी याद्या घेऊन फिरलं नाही.

कुणाचं नाक किती लांब,
हे मोजणारेसुद्धा एके काळी इथे आले होते.
हा हुतू, हा तुत्सी, कार्डावर शिक्का.
फीत त्यांच्याकडेही होती.
पण ते गेले, साहेब, केव्हाच गेले.
याद्या त्यांनी नाही लिहिल्या.

सिरियाक म्हणतो, मी कुणाला हाकललं नाही.
सरकारनं दिली, ही पावती.
छत्तीस वर्षं पाठीवरून शेण वाहिलं,
दोन लेकरं या केळींखाली पुरली.
खोटं बोलत नाही तो.

कॉन्सेसा म्हणते,
बापाला न्यायला आले तेव्हा तो कुदळीला दांडा बसवत होता.
आम्ही रात्रीत सरोवर ओलांडलं.
दांडा दारातच राहिला असणार.
याला राहायला आल्यावर दिसला नाही?
सिरियाक पावतीची घडी घालतो,
उलगडतो, पुन्हा घालतो.

मग साहेबांनी ती माझ्याकडे दिली, वाचा म्हणून.
खाली मोजणीदाराची सही,
शेवटच्या अक्षराची शेपूट
वर जाऊन उजवीकडे वळलेली.
अशी शेपूट मी आणखी एका कागदावर पाहिली आहे,
आमच्या घरी, बायबलमध्ये, चार घड्या करून ठेवलेल्या.
त्यावर फक्त नावं होती.
एकेका नावापुढे छोटी रेघ.
मला वाटायचं, उधारी असेल.

बाप गेला गेल्या वर्षी, झोपेत.
ही फीत त्याचीच.

साहेब म्हणाले, काय झालं, वाचा ना.
मी वाचलं. क्षेत्रफळ वाचलं, तारीख वाचली.
सही वाचायची नसते.

संध्याकाळी फीत गुंडाळताना तिला माती लागून येते,
थोडी अलीकडची, थोडी पलीकडची.
ओल्या फडक्यानं पुसायची असते, नियम आहे,
नाहीतर पुढच्या वेळी आकडे चुकतात.
कॉन्सेसाचा धाकटा विचारतो,
मी पुसू?
मी टोक सोडत नाही.